नको त्या साइटवर जाऊन आलात? घरचा कॉम्प्युटर असा तपासा

कोणीतरी आयपीएलची मॅच फुकट बघायला लिंक उघडतं, पोरगं गेमचा क्रॅक (पैसे न भरता चालवायची चोरीची आवृत्ती) शोधत बसतं, कोणाला फोटोशॉप फुकट हवं असतं, कोणी अडल्ट साइट बघतं, आणि मग पटापट चार टॅब आपोआप उघडतात, कोपऱ्यात लाल रंगात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले' असं काहीतरी येतं आणि पोटात गोळा येतो. आता पुढे काय करायचं, कुठे बघायचं, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, ते इथे क्रमाने सांगतो. विंडोज १० किंवा ११ चा घरचा पीसी किंवा लॅपटॉप धरून चाललोय.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसवा की साइट कुठली होती त्याने फार फरक पडत नाही, तिथे गेल्यावर तुम्ही काय केलंत त्याने पडतो. पूर्वी नुसतं पान उघडलं तरी व्हायरस शिरायचा, कारण ब्राउझरमध्ये फ्लॅश, जावा असली भोकं पडलेली प्लगइन्स असायची. फ्लॅश तर २०२० च्या शेवटी बंदच झालं. आजचं क्रोम, एज किंवा फायरफॉक्स प्रत्येक साइटला वेगळ्या बंदिस्त जागेत चालवतं, त्यामुळे ब्राउझर आणि विंडोज अपडेटेड असेल आणि तुम्ही पान उघडून बंद केलं असेल, बस तेवढंच, तर काही झालं असण्याची शक्यता खूप कमी. धोका खरा कधी, तर फाइल उतरवून ती चालवली, 'अलाउ' दाबलं, ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन (वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) टाकलं, सांगितलेलं काहीतरी कॉपी-पेस्ट केलं, पासवर्ड किंवा कार्ड नंबर टाकला, किंवा स्क्रीनवरच्या नंबरला फोन करून समोरच्याला कॉम्प्युटरचा ताबा दिला. ह्यातलं काय काय झालं ते आधी शोधायचं.

पहिलं काम: हिस्टरी पुसू नका

बहुतेक लोक लाजेपोटी किंवा घाबरून आधी हिस्टरी साफ करतात आणि नेमका तोच पुरावा जातो. आधी ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि एच दाबा, कोणकोणत्या साइट उघडल्या ते दिसेल. मग कंट्रोल आणि जे दाबा, म्हणजे डाउनलोडची यादी. त्या दिवशीची तुम्ही न मागवलेली एखादी फाइल आहे का बघा, विशेषतः डॉट ईएक्सई, डॉट एमएसआय, झिप, आयएसओ, डॉट जेएस वगैरे. विंडोज फाइलच्या नावाची शेपटी लपवतं, त्यामुळे 'पिक्चर डॉट एमपी४ डॉट ईएक्सई' ही फाइल तुम्हाला नुसती 'पिक्चर डॉट एमपी४' दिसते आणि माणूस सिनेमा समजून डबल क्लिक करतो. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा (विंडोज १० मध्ये व्ह्यूच्या टॅबमध्येच टिकमार्क आहे) आणि ते कायमचं चालूच ठेवा.

इन्कॉग्निटोमध्ये उघडलं असेल तर हिस्टरी मिळणार नाही, मग वापरणाऱ्यालाच विचारावं लागतं. मुलगा किंवा मुलगी असेल तर प्लीज ओरडू नका. 'तू कुठल्या साइटवर गेलास' ह्या प्रश्नाला खोटं उत्तर मिळतं, 'तू काही डाउनलोड केलंस का, कुठे येस किंवा अलाउ दाबलंस का' ह्याला खरं मिळतं, आणि आपल्याला तेवढंच हवंय.

आणि एक, जर फाइल चालवली असेल किंवा साइटने सांगितलेली कमांड (कॉम्प्युटरला दिलेला लेखी हुकूम) पेस्ट केली असेल तर पुढे वाचायच्या आधी त्या कॉम्प्युटरचं वाय-फाय बंद करा, केबल असेल तर काढा. स्कॅनला लागेल तेव्हा परत जोडू. तोपर्यंत त्यावर नेटबँकिंग नाही, मेल नाही, काही नाही. हा लेख फोनवर वाचा.

कोपऱ्यात येणारे व्हायरसचे इशारे

सगळ्यात जास्त लोक ह्यालाच घाबरतात आणि सगळ्यात सोपं हेच आहे. एखादी साइट म्हणते 'व्हिडिओ बघायला अलाउ दाबा', तुम्ही दाबता, म्हणजे तुम्ही त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी दिलीत. मग ती साइट बंद असली तरी उजव्या खालच्या कोपऱ्यात मॅकॅफी किंवा नॉर्टनचा लोगो लावून खोटे इशारे येत राहतात. त्या चौकोनात नीट बघा, बारीक अक्षरात क्रोम किंवा एज असं लिहिलेलं असतं आणि सोबत कुठल्यातरी अगम्य साइटचा पत्ता असतो. तो पत्ता दिसला की समजायचं, हा अँटीव्हायरस नाही, साइटची जाहिरात आहे. त्यावर क्लिक करायचं नाही. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइटची यादी येईल, ओळखीची नाही ती प्रत्येक काढून टाका. एजमध्येही असंच आहे, थोडं शोधावं लागतं.

दुसरा प्रकार म्हणजे पूर्ण स्क्रीन भरून मायक्रोसॉफ्टच्या नावाने निळं-लाल पान, भोंग्यासारखा आवाज, आणि एक टोल-फ्री नंबर. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एररमध्ये फोन नंबर कधीच नसतो, हे मायक्रोसॉफ्टच सांगतं. एस्केपचं बटण दाबून धरा, पान लहान झालं की बंद करा. नाही झालं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात ब्राउझर निवडून एन्ड टास्क. परत ब्राउझर उघडल्यावर 'रिस्टोर करू का' विचारलं तर नाही म्हणा, नाहीतर तेच पान परत येईल. फोन केला नसेल तर एवढ्यावर विषय संपला. फोन केला असेल आणि एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर (लांबून कॉम्प्युटर चालवायचे प्रोग्रॅम) टाकायला लावलं असेल तर ते काढून टाका आणि खाली अकाउंट आणि रीसेटबद्दल लिहिलंय ते सगळं करा, त्यातलं काही वगळू नका.

'मी रोबोट नाही' वाला सापळा

गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रकार खूप वाढलाय आणि घरच्या लोकांना अजून माहितीच नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. साइट उघडली की नेहमीसारखा कॅप्चा येतो. चौकोनात टिक केली की सूचना येतात: विंडोजचं बटण आणि आर दाबा (त्याने 'रन' नावाचा छोटा डबा उघडतो), मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर. माणसाला वाटतं हे नवीन प्रकारचं व्हेरिफिकेशन असेल. प्रत्यक्षात तुम्ही टिक केलीत तेव्हाच साइटने तुमच्या क्लिपबोर्डवर (कॉपी केलेलं जिथे राहतं तिथे) एक कमांड ठेवलेली असते, आणि ती तुम्ही स्वतःच्या हाताने रनच्या डब्यात पेस्ट करून चालवता. डबा छोटा असल्यामुळे त्यात कमांडचं फक्त शेवटचं टोक दिसतं, आणि त्या टोकाला मुद्दाम 'आय ॲम नॉट अ रोबोट, व्हेरिफिकेशन आयडी अमुक' असं लिहून ठेवलेलं असतं, त्यामुळे शंकाच येत नाही. तुम्ही स्वतः चालवलेली गोष्ट असल्याने अँटीव्हायरसही कधीकधी गप्प बसतो.

हे झालंय का ते बघायची सोपी पद्धत आहे. विंडोज आणि आर दाबा, रनचा डबा उघडला की त्याच्या उजव्या टोकाच्या बाणावर क्लिक करा, आधी टाकलेल्या कमांडची यादी खाली येते. त्यातली एखादी 'पॉवरशेल', 'एमएसएचटीए', 'सीएमडी' किंवा 'कर्ल' ने सुरू होणारी लांबलचक ओळ असेल, मधे एखाद्या साइटचा पत्ता असेल, आणि ती तुम्ही स्वतःच्या कामासाठी टाकलेली नसेल, तर कमांड चालली असं धरून चाला. फक्त बघा, ओके दाबू नका, फोनने फोटो काढा आणि कॅन्सल करा. यादी रिकामी असली तरी ज्याने कॉम्प्युटर वापरला त्याला 'असं काही दाबायला सांगितलं होतं का' हे विचाराच, कारण ही यादी पुसलीही जाऊ शकते आणि हल्ली काही साइट रनऐवजी थेट टर्मिनल उघडायला लावतात.

ह्यातून बहुतेक वेळा जे शिरतं त्याला इन्फोस्टीलर म्हणतात. लुमा नावाचा एक होता, मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने कोर्टाची ऑर्डर घेऊन त्याची यंत्रणा मोडली, तेव्हा दोन महिन्यांत जगभरात ३ लाख ९४ हजार विंडोज कॉम्प्युटरमध्ये तो सापडल्याचं त्यांनी सांगितलं होतं. हा प्रकार कॉम्प्युटर बंद पाडत नाही, हळू करत नाही, काहीच दिसत नाही. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, कार्ड, आणि लॉगिनच्या कुकीज (तुम्ही लॉगिन केलेलं आहे हे साइटला सांगणाऱ्या छोट्या नोंदी) उचलतो आणि पाठवून देतो, काही मिनिटांचं काम. म्हणून 'कॉम्प्युटर तर छान चाललाय' ह्यावर अजिबात विसंबू नका.

ब्राउझरची झडती

एक्स्टेन्शन्सचं पान उघडा आणि एकेक वाचा. पीडीएफ कन्व्हर्टर, व्हिडिओ डाउनलोडर, कूपन, फ्री व्हीपीएन असलं काही तुम्ही टाकल्याचं आठवत नसेल तर रिमूव्ह. आठवत असेल पण महिनोन्महिने वापरलं नसेल तरी रिमूव्ह. मग होमपेज आणि सर्च इंजिन आपोआप बदललंय का बघा. क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत अगदी खाली 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' दिसत असेल आणि लॅपटॉप ऑफिसचा नसून घरचा असेल, तर काहीतरी सेटिंग बाहेरून लादलेलं आहे. काही अँटीव्हायरसही असं करतात, पण तपासायला हवं. सगळंच गोंधळाचं वाटलं तर सेटिंग्जमध्ये 'रीसेट सेटिंग्ज' आहे, त्याने एक्स्टेन्शन बंद होतात, बुकमार्क आणि पासवर्ड तसेच राहतात. जुन्या लेखांमध्ये क्रोमचं क्लीनअप टूल चालवा असं लिहिलेलं सापडेल, ते गूगलने २०२३ मध्ये काढून टाकलं, शोधत बसू नका.

स्कॅन, पण आधी डिफेंडरच ठीक आहे का बघा

डिफेंडर म्हणजे विंडोजसोबतच येणारा अँटीव्हायरस. स्टार्टमध्ये विंडोज सिक्युरिटी शोधा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन उघडा. लगेच स्कॅन दाबायचा नाही. आधी मॅनेज सेटिंग्जमध्ये जा, रिअल टाइम प्रोटेक्शन चालू आहे का बघा, आणि खाली स्क्रोल करत एक्सक्लूजन्सपर्यंत या. ही अशी यादी आहे की ह्यातलं डिफेंडर तपासतच नाही. घरच्या कॉम्प्युटरवर ही रिकामी असायला हवी. व्हायरस स्वतःला इथे टाकून घेतात, आणि क्रॅकवाल्या सॉफ्टवेअरच्या सूचनांमध्ये 'आधी अँटीव्हायरस बंद करा, हे फोल्डर एक्सक्लूड करा' असं सरळ लिहिलेलंच असतं आणि लोक करतात. अख्खा सी ड्राइव्ह एक्सक्लूड केलेला असेल तर हजार वेळा स्कॅन करा, 'नो थ्रेट्स' च येणार. जे काही दिसेल ते काढा. सेटिंग बदलताच येत नसेल, 'ॲडमिनिस्ट्रेटर मॅनेज करतो' असं म्हणत असेल, तर घरच्या पीसीवर ते वाईट लक्षण आहे.

मग नेट जोडून अपडेट घ्या, मग स्कॅन ऑप्शन्समध्ये फुल स्कॅन. क्विक नको. जुनी हार्ड डिस्क असेल तर तास-दोन तास लागू शकतात, लावून जेवायला बसा. तो झाला की त्याच यादीत ऑफलाइन स्कॅन आहे, तोही करा. ह्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून बसलेल्या गोष्टीही पकडता येतात. साधारण पंधरा मिनिटं लागतात, उघडी कामं आधी सेव्ह करा. निकाल प्रोटेक्शन हिस्टरीमध्ये येतो. तिथे जुन्या नोंदीही वाचा, कधीकधी डिफेंडरने त्याच दिवशी ती फाइल पकडून ठेवलेली असते आणि आपल्याला पत्ताच नसतो.

क्विक हील किंवा दुसरा कुठला अँटीव्हायरस असेल तर डिफेंडर बाजूला होतो, मग त्याचाच फुल स्कॅन करा. दोन अँटीव्हायरस एकदम रिअल टाइम चालवू नका, एकमेकांच्या पायात पाय घालतात. दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्सचं फुकट व्हर्जन चांगलं आहे, किंवा मायक्रोसॉफ्टचं सेफ्टी स्कॅनर. ते उतरवल्यापासून १० दिवसच चालतं, नंतर नवीन उतरवायचं. आपल्या सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, सर्ट-इन ही सरकारची सायबर सुरक्षा संस्था ते चालवते, २०१७ मध्ये सुरू झालं, तिथेही फुकट टूल मिळतात. कुठलंही टूल त्या कंपनीच्याच साइटवरून घ्या. सर्चमध्ये सगळ्यात वर 'स्पॉन्सर्ड' लिहिलेल्या लिंकवरून नको, तिथे नकली साइट असतात.

एखाद्याच फाइलची शंका असेल तर व्हायरसटोटल ह्या साइटवर टाका, अनेक अँटीव्हायरसकडून एकदम तपासून मिळते. पण आधार, पॅन, बँकेचं स्टेटमेंट असलं काही तिथे टाकू नका, टाकलेल्या फाइल इतरांनाही मिळू शकतात.

इन्स्टॉल झालेलं आणि आपोआप सुरू होणारं

सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स (विंडोज १० मध्ये ॲप्स अँड फीचर्स). यादी तारखेप्रमाणे लावा आणि त्या दिवसाच्या आसपास काय आलंय ते बघा. मग टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपची यादी. रिअलटेक, इंटेल, एचपी असली नावं हार्डवेअरची असतात, त्यांना हात लावू नका. नाव ओळखीचं नाही म्हणून काहीही उडवू नका, आधी त्यावर राइट क्लिक करून फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते बघा. टेम्प किंवा ॲपडेटाच्या खोल कुठल्यातरी विचित्र नावाच्या फोल्डरमधून सुरू होत असेल तर ती स्कॅन करा. प्रॉक्सीही (तुमचं नेट दुसऱ्या कॉम्प्युटरमार्गे वळवणारं सेटिंग) बघून घ्या: सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली प्रॉक्सी आहे, तिथे मॅन्युअल प्रॉक्सी बंद असायला हवी.

काही न करता पंखा जोरात फिरतोय, सीपीयू कायम वर, तर कोणीतरी तुमच्या विजेवर क्रिप्टो मायनिंग (तुमचा कॉम्प्युटर राबवून स्वतःसाठी डिजिटल चलन कमावणं) करत असू शकतं. पण विंडोज अपडेट चालू असताना किंवा स्कॅन चालू असतानाही असंच होतं, त्यामुळे थोडा वेळ थांबून परत बघा.

आता एक कडू गोष्ट. आपल्याकडे असेम्बल केलेल्या खूप पीसीमध्ये विंडोज ॲक्टिव्हेटर (लायसन्स न घेता विंडोज चालू करणारा प्रोग्रॅम) मारून दिलेलं असतं, सोबत ऑफिस, कोरलड्रॉ, फोटोशॉप सगळं क्रॅक. त्या ॲक्टिव्हेटरच्या नावाखाली पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम वाटले गेलेत, हे अनेकदा सापडलंय. दुकानदाराने 'अँटीव्हायरस उगाच ओरडतो, लक्ष देऊ नका' असं सांगितलं असेल तर प्लीज ऐकू नका. लिब्रेऑफिस, गिम्प, इंकस्केप फुकट आणि कायदेशीर आहेत, घरच्या कामाला पुरतात.

कॉम्प्युटर स्वच्छ झाला तरी अकाउंट राहतात

बहुतेक लोक स्कॅन करून थांबतात आणि खरं नुकसान इथे होतं. फाइल चालवली असेल, कमांड पेस्ट केली असेल किंवा कुणाला ताबा दिला असेल, तर हे सगळं फोनवरून करा, त्या कॉम्प्युटरवरून नाही.

आधी ईमेल, कारण बाकी सगळ्याचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. पासवर्ड बदला, आणि मग गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीत 'युवर डिव्हाइसेस' उघडून अनोळखी डिव्हाइस आणि तो कॉम्प्युटरसुद्धा साइन आउट करा. चोरलेल्या कुकीने पासवर्डशिवाय आणि ओटीपीशिवाय आत शिरता येतं, म्हणून प्रत्येक अकाउंटवर 'सगळीकडून लॉग आउट' करायचंच. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर उघडून बघा, कुणा तिऱ्हाइताच्या पत्त्यावर तुमचे मेल जात नाहीत ना. ते फोनच्या ॲपमध्ये दिसत नाही, त्यासाठी दुसरा खात्रीचा कॉम्प्युटर लागेल. रिकव्हरीचा नंबर तुमचाच आहे ना तेही. मग बँक, यूपीआय, मग फेसबुक-इन्स्टा, मग व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस. ब्राउझरमध्ये सेव्ह असलेला प्रत्येक पासवर्ड गेला असं धरा.

पैसे गेले असतील तर आधी बँकेला कळवून कार्ड, खातं ब्लॉक करा आणि लगेच १९३० ला फोन करा, हा देशभरचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर पण करता येते. 'उद्या बघू' करू नका, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तर मिळायची शक्यता जास्त.

अडल्ट साइटवर गेल्यानंतर कधीतरी मेल येतो, 'तुझ्या कॅमेऱ्यातून व्हिडिओ काढलाय, बिटकॉइन पाठव', आणि खरं वाटावं म्हणून त्यात तुमचा एखादा जुना पासवर्डही असतो. तो पासवर्ड कुठल्यातरी वेबसाइटच्या गळतीतून आलेला असतो, असे मेल हजारो लोकांना एकदम जातात. उत्तर देऊ नका, पैसे देऊ नका, तो पासवर्ड अजून कुठे वापरत असाल तर बदला. आणि घरातल्या कुणाला असा मेल आला असेल आणि तो गप्प गप्प असेल तर त्याला जवळ घेऊन सांगा की हे थापा आहेत. ह्या भीतीने लोकांनी जिवाचं बरंवाईट करून घेतलंय.

कधी सरळ रीसेट मारायचा

स्टीलर सापडला, रिमोटवाला प्रोग्रॅम सापडला, डिफेंडर चालूच होत नाही, किंवा कमांड चालल्याची खात्री आहे, तर एकेक फाइल काढत बसू नका. फोटो, डॉक्युमेंट्स बाहेरच्या डिस्कवर घ्या, कुठलाही सेटअप किंवा ईएक्सई घेऊ नका. मग सेटिंग्ज, सिस्टिम (विंडोज १० मध्ये अपडेट अँड सिक्युरिटी), रिकव्हरी, रीसेट धिस पीसी, त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि 'क्लाउड डाउनलोड'. त्याहून पक्कं हवं तर दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज बनवून नव्याने टाका.

फाइल उघडत नाहीत, प्रत्येकीच्या नावामागे विचित्र शेपटी लागलीय आणि फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी आहे, तर ते रॅन्समवेअर. पैसे देऊ नका, लॉक झालेल्या फाइल आणि ती चिठ्ठी बाजूला जपून ठेवा आणि 'नो मोर रॅन्सम' च्या साइटवर बघा, युरोपोल (युरोपियन युनियनची पोलीस संस्था) आणि इतरांनी २०१६ मध्ये सुरू केलंय, काही प्रकारांची किल्ली तिथे फुकट मिळते. आज नसेल तर पुढे येऊ शकते, म्हणून जपायच्या.

सगळं झालं की विंडोज अपडेट करा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पुढे सिक्युरिटी अपडेट हवे असतील तर त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. पीसी ११ ला चालत असेल तर ११ वर जा. आणि मुलांसाठी अकाउंट्समध्ये वेगळं युजर अकाउंट काढा, 'स्टँडर्ड' प्रकारचं, ॲडमिनिस्ट्रेटर नको. मग बरेचसे सेटअप चालवताना तुमचा पासवर्ड मागितला जाईल आणि पोरगं तुम्हाला हाक मारायला येईल. आठ-दहा दिवसांनी परत एकदा प्रोटेक्शन हिस्टरी, नोटिफिकेशनची यादी आणि गूगलची डिव्हाइस यादी उघडून बघा, त्यात नवीन काही नसेल तर कॉम्प्युटर नेहमीसारखा वापरायला हरकत नाही.